महासाथीतील मुंबईची भूक आणि इष्टांकाचा प्रश्न

प्रश्न असा आहे : २०२० च्या टाळेबंदीत सरकारी गोदामे धान्याने भरलेली असताना मुंबईत इतक्या माणसांना शिजवलेल्या अन्नाच्या रांगेत का उभे राहावे लागले, आणि साथ ओसरून रेशनचे धान्य मोफत झाल्यानंतरही शहरी वस्त्यांतील अन्नाची ओढाताण का संपली नाही? मी बरीच वर्षे मुंबईच्या पूर्व उपनगरांतील वस्त्यांमध्ये शिधापत्रिकांचे काम करीत आले आहे, म्हणून उत्तर मुख्यतः मुंबईच्या आधारे देते. ठाणे, भिवंडी, पुणे किंवा नाशिक येथील तपशील थोडे वेगळे असले, तरी नियम तेच आहेत आणि अडचणीही बहुतांशी त्याच आहेत.

धान्य कमी पडले, हा समज प्रथम बाजूला ठेवला पाहिजे. १ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय साठ्यात गहू आणि तांदूळ मिळून साडेपाच कोटी टनांहून अधिक धान्य होते. त्या तारखेला राखीव म्हणून सुमारे दोन कोटी दहा लाख टन धान्य पुरेसे मानले जाते. घोषणेलाही उशीर झाला नाही. देशव्यापी टाळेबंदी २५ मार्चला सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजना जाहीर झाली. नेहमीच्या माणशी पाच किलो धान्याव्यतिरिक्त आणखी पाच किलो मोफत आणि कुटुंबामागे एक किलो डाळ, असे तिचे स्वरूप होते. मात्र ही सारी मदत राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या लाभार्थी यादीत ज्यांची नावे आधीपासून होती, त्यांच्यासाठीच होती. शहरातील भुकेचा उलगडा या यादीपासून करावा लागतो.

२०१३ च्या या कायद्याने देशातील ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी लोकसंख्येच्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना स्वस्त धान्याचा हक्क दिला. महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण भागासाठी ७६.३२ टक्के आणि शहरी भागासाठी ४५.३४ टक्के, म्हणजे एकूण सुमारे सात कोटी लोक, असे प्रमाण आले. हे प्रमाण २०११-१२ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीवरून ठरले, आणि ते ठरविताना संपूर्ण देशासाठी खर्चाची एकच कसोटी वापरली गेली. मुंबईतील कुटुंब महिन्याला जास्त रुपये खर्च करते याचे मोठे कारण येथील भाडे, पाणी, प्रवास आणि महागाई हे असते. त्या कसोटीला मात्र हा खर्च सुबत्तेसारखा दिसतो. त्या टक्केवारीला २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्येने गुणून जो आकडा निघाला, त्याला आमच्या क्षेत्रात इष्टांक म्हणतात. तो जिल्ह्यांना आणि मुंबई-ठाण्यात शिधावाटप परिमंडळांना वाटून दिलेला असतो. इष्टांक भरला की नवीन कुटुंब पात्र असले तरी त्याचे नाव यादीत चढत नाही. मृत्यू, स्थलांतर किंवा पडताळणी यांमुळे एखादे नाव कमी होईल तेव्हाच जागा मोकळी होते. २०२१ ची जनगणना झाली नाही, आणि पुढील जनगणनेची संदर्भ तारीख आता १ मार्च २०२७ आहे. म्हणजे २०११ नंतर शहरात जन्मलेली, वाढलेली आणि आलेली माणसे या गणितात धरलेलीच नाहीत.

उत्पन्नाची मर्यादा हा दुसरा अडसर. महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंब, म्हणजे या कायद्याच्या यादीतील स्वस्त धान्याचे हक्कदार कुटुंब, ठरण्यासाठी शहरी भागात वार्षिक उत्पन्न ५९,००० रुपयांपर्यंत असावे लागते, असे २०१३ साली ठरले, आणि महासाथीच्या काळात हीच मर्यादा लागू होती. महिन्याला सुमारे ४,९१७ रुपये, तेही संपूर्ण कुटुंबाचे. ज्या घरातील एक माणूस सुरक्षारक्षक आहे आणि त्याला कायद्याने ठरलेले किमान वेतन नियमितपणे मिळते, ते घर या मर्यादेत बसत नाही. व्यवहारात काय होते, ते अधिकारीही जाणतात आणि आम्हीही : अर्जदार उत्पन्न कमी लिहितो आणि कारकून त्याकडे काणाडोळा करतो. ज्याला असे लिहिणे पटत नाही किंवा ज्याच्याकडे वेतनाची पावती आहे, तो बाहेर राहतो.

महाराष्ट्रात १९९९ पासून पिवळी, केशरी आणि पांढरी अशा तीन रंगांच्या शिधापत्रिका आहेत. केशरी कार्ड वार्षिक एक लाखापर्यंत उत्पन्न असलेल्यांचे. या कार्डधारकांपैकी काही जण प्राधान्य यादीत आहेत आणि सुमारे तीन कोटी लोक त्याबाहेर आहेत. मुंबईतील केशरी कार्डधारकांना टाळेबंदीपूर्वी आपण यादीत आहोत की नाही याची अनेकदा कल्पनाच नव्हती, कारण कार्डाचा रंग तोच असतो आणि फरक केवळ संगणकातील नोंदीत असतो. एप्रिल २०२० मध्ये ही माणसे पिशव्या घेऊन शिधावाटप दुकानांसमोर आली, तेव्हा दुकानदाराने यंत्रावर क्रमांक टाकून ‘तुमचे धान्य येत नाही’ असे सांगितले, आणि अनेकांनी त्याला चोर ठरविले. दुकानदारांची बाजू मी फारशी घेत नाही, पण त्या महिन्यात शिव्या त्यांनी खाल्ल्या आणि दोष यादीचा होता. पुढे राज्य सरकारने या केशरी कार्डधारकांना मे आणि जून या दोन महिन्यांसाठी माणशी तीन किलो गहू आठ रुपये दराने व दोन किलो तांदूळ बारा रुपये दराने देण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्य होता. परंतु रोजंदारी बंद पडल्यानंतरचे पहिले पाच-सहा आठवडे, ज्यात घरातील डबे रिकामे झाले, ते या निर्णयाबाहेरच राहिले.

ज्यांच्याकडे कोणतेच कार्ड नव्हते, त्यांची संख्या शहरात मोठी असते आणि त्याची कारणे साधी आहेत. झोपडपट्टीतील भाडेकरूला घरमालक भाडेकरार करून देत नाही, कारण करारामुळे पुढे पुनर्वसनात हक्क सांगितला जाईल अशी त्याला भीती असते. करार नसल्यामुळे पत्त्याचा पुरावा नाही. शिवाय गावाच्या कार्डात नाव असेल तर तेथून नाव कमी केल्याचा दाखला आणावा लागतो. जालन्याहून किंवा यवतमाळहून आलेल्या कुटुंबाला त्यासाठी दोन-तीन फेऱ्या पडतात, आणि बिहार किंवा उत्तर प्रदेशातून आलेला माणूस बहुधा तो नादच सोडतो. नव्याने लग्न होऊन वेगळे झालेल्या जोडप्याला विभक्त कार्डासाठी सासऱ्याची संमती लागते, आणि भांडून वेगळे झालेल्यांना ती मिळत नाही. टाकलेल्या बायकांचे तर नाव नवऱ्याच्या कार्डात आणि धान्यही त्याच्याच घरी, अशी स्थिती असते.

स्थलांतरित कामगारांसाठी केंद्राने १४ मे २०२० रोजी कार्ड नसलेल्यांनाही दोन महिने माणशी पाच किलो धान्य आणि कुटुंबाला एक किलो हरभरा देण्याचे जाहीर केले. तोपर्यंत टाळेबंदीला सात आठवडे होत आले होते आणि १ मेपासून श्रमिक रेल्वेगाड्या सुटू लागल्या होत्या. ज्यांच्यासाठी हे धान्य होते त्यांतील अनेक जण मुंबई सोडून गेलेले होते. त्याआधी काय चालले होते, याची नोंद अडकलेल्या कामगारांना मदत करणाऱ्या स्ट्रँडेड वर्कर्स ॲक्शन नेटवर्क या स्वयंसेवी गटाने केलेली आहे. त्यांच्याशी एप्रिलच्या मध्यापर्यंत संपर्क झालेल्या अकरा हजारांहून अधिक अडकलेल्या कामगारांपैकी ९६ टक्क्यांना सरकारकडून धान्य मिळालेले नव्हते. हे मदत मागणाऱ्यांचे आकडे आहेत, सर्वसाधारण लोकसंख्येचे नव्हेत, हे लक्षात ठेवूनही ते गंभीर आहेत.

आता जो मुद्दा सर्वांत कमी बोलला जातो, तो म्हणजे चुलीचा. शहरातील एकट्या कामगाराकडे बहुधा स्वयंपाकघर नसते. भिवंडीचा यंत्रमाग कामगार भिशीत जेवतो, म्हणजे महिन्याचे पैसे ठरवून चालविलेल्या खानावळीत. धारावीतील शिलाईच्या किंवा चामड्याच्या कारखान्यातील मुलगा कारखान्यातच झोपतो आणि जेवण डब्याने येते. नाक्यावर उभा राहून रोजचे काम शोधणारा नाका कामगार सकाळी चहा-पाव आणि दुपारी वडापाव किंवा हातगाडीवरची पुरी-भाजी खातो. टाळेबंदीत भिशी बंद झाली, हातगाड्या उठल्या, आणि कारखान्याच्या मालकाने आठवडाभर पैसे दिले तरी विकत घेण्यासारखे तयार अन्नच राहिले नाही. अशा माणसाच्या हातात पाच किलो तांदूळ देऊन काय साधते? त्याच्याकडे पातेले नाही, गॅसची जोडणी नाही, आणि पाच किलोचा छोटा सिलिंडर चोरून भरून घ्यायचा तर त्याचा दर त्या दिवसांत भरणारा मागेल तो. आम्ही कोरड्या शिध्याची पाकिटे वाटायला सुरुवात केली तेव्हा काही खोल्यांतून लोकांनी स्पष्ट सांगितले की, आम्हाला शिजवलेले द्या किंवा दहा जणांत मिळून एक शेगडी द्या. जेथे शेगडी आणि भांडी दिली तेथे तोच शिधा अधिक दिवस पुरला, आणि खिचडीच्या रांगेतील गर्दीही कमी झाली.

शिजवलेल्या अन्नाची सरकारी सोय म्हणून राज्यात शिवभोजन थाळी होती. २६ जानेवारी २०२० रोजी, म्हणजे योगायोगाने टाळेबंदीच्या दोनच महिने आधी, ती दहा रुपयांत सुरू झाली होती : दोन चपात्या, एक भाजी, भात आणि वरण. शहरी केंद्रांना प्रत्येक थाळीमागे सरकार चाळीस रुपये देत असे. टाळेबंदीत दर पाच रुपये केला, थाळ्यांची संख्या वाढविली आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत थाळी काही महिने मोफत दिली. माझ्या मते महासाथीतील राज्याचा हा सर्वांत उपयुक्त निर्णय होता, कारण त्यासाठी कार्ड, पत्ता, अंगठा यांपैकी काहीच लागत नव्हते. परंतु प्रत्येक केंद्राला थाळ्यांचा कोटा ठरलेला होता, तो अनेक ठिकाणी वेळ संपण्यापूर्वीच संपत असे, आणि केंद्रे रेल्वेस्थानके, रुग्णालये, बाजार अशा वर्दळीच्या जागी होती. गोवंडी-मानखुर्दच्या आतल्या गल्ल्यांतून बाई लहान मुले घेऊन, पोलिसांची काठी चुकवीत, तेथवर येणे अवघड होते. महानगरपालिका, गुरुद्वारे, मशिदी, गणेश मंडळे आणि असंख्य लहान गट यांनी जी खिचडी वाटली, तिने ही पोकळी बऱ्याच प्रमाणात भरून काढली, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र रोज दोन्ही वेळा खिचडी खाणे आणि तीही केव्हा येईल याची खात्री नसणे, यातून मधुमेही वृद्धांचे आणि दोन-तीन वर्षांच्या मुलांचे हाल झाले.

येथे थोडे मागे जाऊन एक गोष्ट सांगावीशी वाटते. भारतात मोठ्या शहराचे पूर्ण रेशनिंग प्रथम मुंबईतच, मे १९४३ मध्ये, युद्धकाळात सुरू झाले, आणि तेव्हा शहरात राहणाऱ्या प्रत्येकाला कार्ड होते. उत्पन्न विचारले जात नव्हते. १९९७ मध्ये लक्ष्य निर्धारित वितरण व्यवस्था आली आणि गरीब कोण हे कागदावर ठरविण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हा शहरातील बहुसंख्य कष्टकरी तिच्यातून गळाले. संकट आल्यावर सर्वांना धान्य देणे अशक्य असते, असे जे सांगितले जाते, ते या शहराच्या इतिहासाशी जुळत नाही.

धान्याबाहेरच्या अन्नाचे हाल वेगळ्याच कारणाने झाले. वाशीचा कृषी उत्पन्न बाजार समितीचा बाजार संसर्ग वाढल्यामुळे ११ मे २०२० पासून आठवडाभर पूर्ण बंद ठेवावा लागला. भाजी शेतात होती आणि वस्तीत ती येत नव्हती, कारण ती आणणारा फेरीवाला बाहेर पडू शकत नव्हता. वस्तीतील कुटुंब मॉलमधून आठवड्याची भाजी घेत नाही. ते संध्याकाळी, दिवसाची कमाई हातात आल्यावर, दहा रुपयांची भाजी आणि पाच रुपयांचे तेल घेते. फेरीवाला नसेल तर ही सारी साखळी तुटते, आणि फेरीवाल्याचे स्वतःचे घरही त्याच साखळीवर चालते. १३ एप्रिल २०२१ रोजी राज्याने जाहीर केलेल्या साहाय्यात फेरीवाल्यांना प्रत्येकी दीड हजार रुपये होते, पण फक्त नोंदणीकृत असलेल्या पाच लाखांना. मुंबईतील फेरीवाल्यांची नोंदणी वर्षानुवर्षे रखडलेली आहे, त्यामुळे ज्या टोपलीवालीला हे पैसे हवे होते तिचे नाव बहुधा कोणत्याच यादीत नव्हते.

कुटुंबाचे ताट आक्रसते तेव्हा त्याला एक क्रम असतो, आणि तो ओळखता आला तर मदत कोणत्या टप्प्यावर हवी हे कळते. आधी दूध चहापुरते उरते. मग अंडी, फळे आणि मासळी जातात. त्यानंतर डाळीत पाणी वाढते, भाजीऐवजी बटाटा येतो, आणि शेवटी घरातील बाई सर्वांच्या नंतर जे उरेल त्यावर भागवते. धान्य सर्वांत शेवटी कमी होते. म्हणूनच केवळ धान्य वाटून उपासमार टळते, पण पोषण सावरत नाही. महिन्याला माणशी पाच किलो धान्य म्हणजे दिवसाला जेमतेम पावणेसहाशे कॅलरी. दुप्पट केले तरी साडेअकराशे, आणि शहरी माणसाची गरज जुन्या मापाने २,१०० कॅलरी धरली जाते. उरलेले बाजारातून आणावे लागते, आणि त्यासाठी रोजगार लागतो. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या पाहणीत टाळेबंदीत अन्न कमी झाल्याचे सांगणारी कुटुंबे सुमारे ९० टक्के होती, आणि सहा महिन्यांनंतरही पूर्ववत न झालेली सुमारे २० टक्के. महासाथीचा परिणाम दाखविण्यासाठी पुष्कळदा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतील महाराष्ट्राचे आकडे दिले जातात. त्यांत पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली होती. पण महाराष्ट्रातील ती पाहणी २०१९ मध्येच पूर्ण झाली होती. ते आकडे साथीपूर्वीचे आहेत, आणि म्हणूनच अधिक चिंताजनक आहेत.

साथीनंतर काय झाले, याकडे आता वळते. डिसेंबर २०२२ मध्ये अतिरिक्त पाच किलोंची योजना थांबली आणि १ जानेवारी २०२३ पासून कायद्याखालील पाच किलो मोफत झाले. बातमी ‘मोफत धान्य’ अशी गेली. हिशेब असा आहे : पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला आधी पंचवीस किलो धान्य दोन आणि तीन रुपये दराने, म्हणजे सुमारे साठ रुपयांत, आणि पंचवीस किलो मोफत मिळत होते. आता त्याचे साठ रुपये वाचले आणि पंचवीस किलो धान्य गेले. ते दुकानातून आणायचे तर किलोला तीस रुपये धरले तरी साडेसातशे रुपये लागतात. त्याच काळात गॅस महागला. मुंबईत मे २०२० मध्ये ५७९ रुपयांना मिळणारा घरगुती सिलिंडर जुलै २०२२ मध्ये १,०५२ रुपये ५० पैशांवर गेला, आणि बँकेत जमा होणारे अनुदान २०२० मध्येच बंद झाले होते. पुढे सुरू झालेली सवलत केवळ उज्ज्वला जोडण्यांसाठी होती. वस्त्यांत मी पाहिले ते असे की, सकाळी एकदाच दोन्ही वेळचे शिजविणे, डाळ आठवड्यातून दोनदाच लावणे आणि मुलांना पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर भागविणे ही सवय होऊन बसली. त्यात टाळेबंदीतील किराण्याची उधारी आणि खोलीचे थकलेले भाडे. रोजगार परत आला तेव्हा त्यातील पहिला वाटा देणेकऱ्यांना गेला आणि ताट मागेच राहिले.

‘एक देश एक शिधापत्रिका’ या व्यवस्थेने मदत झाली नाही असे मी म्हणणार नाही. तिची सर्व राज्यांत अंमलबजावणी ३१ जुलै २०२१ पर्यंत करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ रोजी दिला, आणि आज गावाकडचे कार्ड दाखवून मुंबईत धान्य घेता येते. परंतु जो कोणत्याच यादीत नाही, त्याला एक देश आणि एक कार्ड यांचा उपयोग नाही. न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर नोंद असलेल्या, पण कार्ड नसलेल्या सुमारे आठ कोटी लोकांना कार्डे देण्यास सांगितले, तेव्हाही गाडी इष्टांकाशीच अडली.

यावर उपाय विचारला तर मी मुख्यतः तीन गोष्टी सांगते. शहरी इष्टांक जनगणनेची वाट न पाहता वाढीव अनुमानित लोकसंख्येवर ठरवावा. यासाठी धान्य आहे, पैशाची अडचणही सोडविण्याजोगी आहे. इच्छाशक्तीचा भाग मी राजकीय मंडळींवर सोडते. दुसरे, आपत्ती जाहीर होताच पत्त्याच्या पुराव्याविना तीन महिन्यांचे तात्पुरते कार्ड देण्याचा आदेश आधीच लिहून ठेवावा. हे अशक्य नाही : सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देहविक्री करणाऱ्या महिलांना ओळखपत्राची सक्ती न करता कोरडा शिधा देण्याचे आदेश दिले, आणि कामाठीपुऱ्यासारख्या ठिकाणी आरोग्य प्रकल्पांच्या नोंदींवरून तो देता आला. तिसरे, प्रत्येक प्रभागात भिश्या, खानावळी, बचत गटांची स्वयंपाकघरे आणि मोठ्या शेगड्या कोठे आहेत याची यादी प्रभाग कार्यालयात असावी, म्हणजे पुढच्या वेळी स्वयंपाक कोठे करायचा हे शोधण्यात पहिला आठवडा जाणार नाही. त्याच यादीवरून सध्याच्या थाळी केंद्रांची फेररचनाही करता येईल. ती केंद्रे आज दुपारच्या वेळेपुरती चालतात, तेव्हा नाका कामगार आणि घरकामगार बायका कामावर असतात, आणि रात्री आठ वाजता, जेव्हा त्यांना जेवण हवे असते, तेव्हा केंद्राला कुलूप असते.